आमचंच पाणी

सातारा ते गुहागर, एका दिवसात जाऊन-येऊन. बेत माझा, त्यामुळे पंक्चरही माझंच धरलं गेलं. पाटणच्या अलीकडे टायर बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. ही काही बोलली नाही. नुसती उसाकडे बघत बसली. ते जास्त लागलं.

पंक्चरवाला चहाला गेलेला. दुकानासमोर बाकड्यावर एक म्हातारबा, डोक्याला पांढरी टोपी, हाताला काम नाही.

"कुटं निघालाय पावनं?"

"गुहागरला."

"कोन वारलं?"

"कुणी नाही हो. समुद्र बघायला."

"निस्तं बघायला?"

आता इथं गप्प बसायचं होतं. पण मी खुलासा करायला लागलो. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी, समोर समुद्र. गुहागर तालुका तिन्ही बाजूंनी पाण्यात घुसलाय. वेळणेश्वर करायचं, मग हेदवी. हेदवीला बामणघळ आहे, कातळातली चीर. भरतीला लाट आत शिरली की पाणी उंच उडतं. भरती बाराला आहे. हे शेवटचं मी रिकाम्या दुकानाकडं बघून जरा मोठ्यानं म्हणालो.

"वाशिष्ठीत पानी कुनाचं?"

"कुणाचं म्हणजे?"

"आमचं! कोयनेचं." त्यांनी बाकड्यावर बोटानं नकाशा काढला. "देवानं कोयना कराडला न्हेऊन कृष्णेत घातली. सरकारनं डोंगराला भोक पाडलं, पानी पोफळीला उतरवलं, वीज काढून घेतली आन् चोथा दिला वाशिष्ठीत सोडून. चिपळूण, दाभोळ, समिंदर! म्हंजे तुमी डिझेल जाळून आमचंच पानी बघाय निघालाय. ते बी खारट झाल्यालं."

(नंतर मी तपासलं. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा आहे. म्हातारबा बरोबर होते. झोंबलं.)

"अहो, सगळा समुद्र काय कोयनेच्या पाण्यानं भरलाय?"

"मग कुनाच्या?"

यावर मला पटकन काही सुचलं नाही. मागच्या सीटवर मुलगी हसली.

मग १९६७ चा भूकंप झाला. तेव्हा ते पाचवीत होते. पहाटे भिंत कशी आडवी झाली ते उभं राहून, आडवं होऊन दाखवलं. त्याआधी मामाचं गाव धरणात गेलेलं. "मामा जिमिनीचा कागूद घिऊन मरस्तवर हिंडला," एवढं म्हणून मात्र थांबले. टोपी काढली, परत घातली. तेवढ्यात पंक्चरवाला उगवला.

"ह्यांचं सावकाश कर रं. समिंदर कुटं पळत न्हाई."

त्यानं अगदी सावकाश केलं. टायर कडेला फाटलेलं, ते दुरुस्तीला त्याच्याकडं सोडलं नि स्टेपनीत हवा भरून निघालो. फाटणार नाही तर काय? रस्त्याचं काम चालू असल्याचा फलक दर दोन किलोमीटरला, काम करणारा माणूस एकही नाही, टोकदार खडी मात्र जागच्या जागी. रोड टॅक्स गाडी घेतानाच पंधरा वर्षांचा एकरकमी कापून घेतात. तो कुठल्या घळीत जातो, कुणास ठाऊक. तो तर भरतीलाही उडत नाही.

कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागं तासभर. हेदवीला पोचलो तीनला. दशभुजा गणपतीपुढं हात जोडले आणि बामणघळ गाठली. तळाशी पाणी गुळण्या करत होतं. पुण्याच्या एका कुटुंबानं बाराचा व्हिडिओ दाखवला. मी तो मागून दोनदा बघितला. माझी बामणघळ साडेसहा इंचांची.

परतताना टायर घ्यायला थांबलो. रात्रीचे साडेनऊ. बाकड्यावर तेच.

"बघितला समिंदर?"

"ओहोटी होती."

त्यांचा चेहरा असा खुलला की दुकानात बल्ब लावायची गरज नव्हती. "पानी खारट झालंय न्हवं?"

मी टायर डिकीत टाकत होतो. दिवसभर माझ्याशी चार शब्द न बोललेल्या हिनं काच खाली केली.

"खारटच आहे हो, बाबा."