प्रायमरी आणि ॲड-ऑन

बँकेत बचत खातं जोडीनं काढता येतं. फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असं लिहून घेतात, म्हणजे दोघांपैकी कुणीही, नाहीतर मागं राहील तो. ऐकायला जरा अभद्र, पण त्यात समता आहे. क्रेडिट कार्डात ती भानगडच नाही. तिथं एक प्रायमरी, बाकीचे ॲड-ऑन. बायको, आई-वडील, भावंडं, अठरा पूर्ण झालेली मुलं, सगळ्यांना कार्डं मिळतात. लिमिट मात्र एकच, बिल एकच आणि ते ओढणारा बैलही एकच. रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या नियमांत सरळ लिहून ठेवलंय की ॲड-ऑन कार्डावरच्या खर्चाला मूळ कार्डधारक जबाबदार. बैलाला निदान बेंदूर तरी असतो.

हिला ॲड-ऑन कार्ड घेऊन दिलं, तेव्हा मला वाटलं होतं खर्च वाढेल. खर्च होता तेवढाच राहिला. वाढल्या त्या बातम्या.

पूर्वी आमच्या बेळगावात शहापूरच्या खडेबाजारातनं घरी आलेल्या साडीला तीन किमती असायच्या. दुकानदाराला दिलेली, मला सांगितलेली आणि जावेला सांगितलेली. या तिघींची आयुष्यात कधी गाठ पडली नाही, म्हणून आमचा संसार झाला. आता ही गोवावेसला रिक्षावाल्याशी घासाघीस करत असते, तोवर इकडं टिळकवाडीत माझ्या खिशात बँकेच्या मेसेजनं मोबाईल गुरगुरलेला असतो. दार उघडून ती “अहो, ओळखा बघू कितीची?” म्हणते आणि मला चेहऱ्यावर अज्ञान आणावं लागतं. मी मुद्दाम शे-दोनशे इकडंतिकडं करून सांगतो. तिलाही ते कळतं. तरी आम्ही दोघं हा खेळ नेटानं खेळतो.

त्यातही कला आली. जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिन न घालता कार्ड नुसतं टेकवून पैसे देता येतात. तेव्हापासून आमच्या घरात ५,१०० ची साडी आलेली नाही. ४,९५० च्या दोन येतात.

बरं, मेसेजात दुकानाच्या पाटीवरचं नाव येईलच असं नाही. यंत्र ज्या नावानं घेतलेलं असतं, ते नाव येतं. एकदा कुठल्याशा ॲग्रोच्या नावानं रक्कम गेली. आम्हाला ना शेत, ना परडं. “खत कशाला घेतलंस?” म्हणून विचारलं, तर फॉल-बीडिंग करून आणलेली इरकल पुढ्यात आली.

हेरगिरी एकतर्फी आहे असं मात्र कुणी समजू नये. महिन्याचं स्टेटमेंट ईमेलवर येतं आणि त्याला पासवर्ड असतो: माझ्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. जगातल्या समस्त चोरांपासून ते सुरक्षित आहे, माझ्या वाढदिवसाला ओवाळणारे तेवढे सोडून. साखर वाढल्यापासून माझा कुंदा बंद आहे, असं घरात जाहीर झालेलं. स्टेटमेंट म्हणतं, नाही.

“पाहुण्यांसाठी घेतलावता.”

“कुठले पाहुणे?”

यावर स्टेटमेंटात काही खुलासा नसतो.

पण खरा प्रसंग डिझेलचा. ही माहेरी कोल्हापूरला गेली होती, संध्याकाळपर्यंत एसटीनं परतणार होती. दुपारी जेवून जरा आडवा होतोय, तेवढ्यात मेसेज: निपाणीजवळच्या पंपावर ३,८०० रुपये. आमच्या दारात एक स्कूटर, तिच्या टाकीत पाच लिटर पेट्रोल मावतं. आणि एसटीत बसलेल्या बाईला डिझेल भरायची पाळी अजून तरी आलेली नाही. म्हणजे कार्ड चोरीला गेलं. हिला फोन लावला, लागेना. मग सावध नागरिकानं जे करायचं, तेच मी केलं. बँकेला फोन लावला, कन्नडचं बटण दाबलं (ती रांग लवकर सरकते, हा माझा अनुभव) आणि हिचं कार्ड ब्लॉक करून टाकलं. इतक्या चपळाईनं मी घरातलं कुठलंच काम करत नाही.

झालं होतं ते असं. मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं, साड्या शहापुरात बघायच्या होत्या, म्हणून तो स्वतःच्या गाडीनं हिला घेऊन निघाला. कोल्हापूरकडची मंडळी तेव्हा कर्नाटकाची हद्द ओलांडली की टाकी फुल्ल करायची, कारण डिझेल इकडं स्वस्त पडायचं. बहिणीच्या कार्डावर आणखी स्वस्त पडायचं.

दोघं थेट दुकानात. गाद्यांवर साड्यांचा ढीग, चहा झालेला, भाव तुटलेला. दुकानदारानं कार्ड टेकवलं, खुपसलं, पदराला पुसून पुन्हा खुपसलं. “वैनी, घेईना झालंय बघा कार्ड तुमचं.” हिनं तिथूनच बँकेला फोन लावला, तोही स्पीकरवर. पलीकडची मुलगी फार गोड बोलली म्हणे. “मॅडम, तुम्ही ॲड-ऑन होल्डर आहात. ही माहिती आम्ही फक्त प्रायमरी होल्डरना देऊ शकतो.”

सख्ख्या भावासमोर. दुकानातल्या पोरांसमोर. मुलगी दाखवायची म्हणून साडी घ्यायला आलेल्या एका अनोळखी कुटुंबासमोर.

पैसे मेहुण्यानं आपल्या फोनवरनं दिले. हिच्यासाठी घेतलेल्या साडीचेसुद्धा. म्हणजे डिझेल माझ्याकडनं आणि साडी त्याच्याकडनं, हिशेबात मी चांगलाच नफ्यात होतो. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. रात्री ताट वाढताना भाकरी एकच आली. दुसरी मागितली तर उत्तर आलं, “प्रायमरी होल्डरनी स्वतः घ्यायची.”

नवं कार्ड आठवड्यात आलं. कार्डाच्या खर्चावर साठलेल्या पॉईंटांवर हिनं कुकर मागवला. त्याचा फोटो माहेरच्या ग्रुपवर पडल्या पडल्या मेहुण्याचा फोन: “दाजी, त्यातले डिझेलचे पॉईंट आमचे हं!” मी अटींचं बारीक टायपातलं पान शोधून काढलं, चष्मा लावून वाचलं आणि त्याला धाडून दिलं. इंधनाच्या खरेदीवर पॉईंट मिळत नाहीत. बँकेशी माझं इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्याचं उत्तर लगेच आलं. “असू दे दाजी. पुढल्या खेपेला टायर घालतो, त्यावर मिळत्यात की!”