‘शुगर लिहू नका, पाच वर्षं काढा’ हा सल्ला घराला बुडवतो

मेडिक्लेम काढणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. सार असं: फॉर्मवर बीपी-शुगर लिहिली की हप्ता वाढतो आणि क्लेमही मिळत नाही. म्हणून ‘नाही’वर खूण करा, पाच वर्षं गप्प बसा, नव्या नियमाने पुढे कंपनी काही करू शकत नाही. मधेच काही झालं तर सरकारी योजना आहेच.

माझ्या काकांनी नेमकं हेच केलं होतं. खरं तर एजंटने फॉर्म भरला, काकांनी नुसती सही केली. पॉलिसीला तीन वर्षं होत आली असताना एका रात्री छातीत कळ आली. दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरने विचारलं, “शुगर आहे का? कधीपासून?” काकू म्हणाली, “सहा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत.” त्याने केसपेपरवर तेवढी एक ओळ लिहिली. त्या ओळीवर आधी कॅशलेस नाकारलं गेलं, मग क्लेम, आणि शेवटी पॉलिसीच रद्द झाली. स्टेंटचं बिल भरायला काकूच्या पाटल्या गेल्या.

आपण बोललो म्हणून हे झालं, असं काकूला अजून वाटतं. माझा जीव तुटतो ते ऐकून. ती बोलली तेच बरोबर होतं. अँजिओग्राफीच्या आधी पेशंटला शुगरची कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टरांना कळायलाच हवं. फॉर्मवर लपवलेला आजार टिकवायचा तर तो डॉक्टरांपासूनही लपवावा लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने हा विचारच केलेला नाही.

आता त्या पाच वर्षांचं. नियम खरा आहे. 2024 मध्ये विमा नियामकाने ही मुदत आठ वर्षांवरून पाचवर आणली. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दिली नाही या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, आणि माहीत असून मुद्दाम ‘नाही’ लिहिणं म्हणजे तो धोका स्वतःहून ओढवून घेणं. विमा रक्कम मधे वाढवली, तर वाढीव रकमेसाठी 60 महिने नव्याने मोजतात.

आणि त्याच वेळी बदललेला दुसरा नियम मेसेजमध्ये नाहीच. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पूर्वी चार होता. म्हणजे कंपनीने शुगरसकट पॉलिसी दिली, तर खरं लिहिणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षांत त्या आजाराचंही संरक्षण मिळतं. लपवणाऱ्याला पाच वर्षं जीव मुठीत धरून काढावी लागतात. शिवाय त्या तीन वर्षांत डेंग्यू झाला, अपघात झाला, तर खरं लिहिणाऱ्याचा क्लेम शुगरमुळे अडत नाही.

हप्ता वाढतो हे खरं, कधी पॉलिसी नाकारलीही जाते. पण लिहिलेली गोष्ट पुढे ढाल होते. परदेश प्रवासाच्या पॉलिसीत एकाने मधुमेह लिहिला होता. अमेरिकेत उतरल्यावर त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने हात वर केले. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: आजार माहीत असून पॉलिसी दिली, तर नंतर त्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही.

सरकारी योजनेचा आधार खरा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पांढऱ्या रेशनकार्डालाही. मात्र योजनेत नोंदलेलं रुग्णालय लागतं आणि ठरावीक यादीतलेच उपचार. मध्यरात्री रिक्षा कुठे वळवायची हे तेव्हा सुचत नाही; जवळचं नोंदलेलं रुग्णालय कोणतं हे आजच विचारून ठेवा.

क्लेम अन्यायाने फेटाळला असं वाटलं तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात.

आणि आज घरी गेलात की पॉलिसीची फाइल काढा. भरलेल्या फॉर्मची प्रत त्यात असते; नसेल तर कंपनीकडून मागवा. आजारांच्या रकान्यातली प्रत्येक खूण आईवडिलांना शेजारी बसवून वाचा. एखादं ‘नाही’ चुकीचं असेल, तर दवाखान्याची वेळ येण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.