एअरगनचे प्लॅस्टिक घरी रंगवण्याची प्रचलित कृती : एक प्रतिवाद

एअरगनचे प्लॅस्टिकचे भाग घरच्या घरी रंगवण्याची एक कृती छंदिष्टांमध्ये हातोहात फिरते आहे. तिचा आशय थोडक्यात असा : दस्ता, मूठ, ट्रिगर गार्ड, मॅगझिनचे कवच असा कोणताही भाग कापड रंगवण्याच्या रंगात उकळावा, म्हणजे हवी ती छटा मिळते, पाण्यात मूठभर मीठ आणि पेलाभर व्हिनेगर घालावे, जितका वेळ जास्त तितका रंग गडद आणि पक्का, रंग चढतच नसेल तर भाग आधी ॲसिटोनने पुसून ‘छिद्रे मोकळी’ करावीत, आणि रंग फसलाच तर ब्लीचमध्ये बुडवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. ही कृती सर्वस्वी खोटी नाही. नायलॉनच्या फिकट मुठीवर ती उत्तम चालते, आणि म्हणूनच ती इतकी पसरली असावी. परंतु नायलॉनवर जमलेली गोष्ट प्रत्येक प्लॅस्टिकवर जमेल, हे गृहीतच चुकीचे आहे.

‘कोणताही भाग’ या शब्दांपासूनच सुरुवात करावी लागेल. नायलॉनच्या रेणुसाखळ्यांच्या टोकांशी अमाइन गट असतात. पाणी आम्लधर्मी असले की त्यांच्यावर धन विद्युतभार येतो आणि लोकर-रेशमासाठी वापरले जाणारे ॲसिड रंग, ज्यांच्या रेणूंवर ऋण भार असतो, तेथे जाऊन धरून बसतात. एबीएस प्लॅस्टिकमध्ये अशी बसायची जागाच नसते. त्यावर पॉलिस्टरसाठी बनवलेले डिस्पर्स प्रकारचे रंगच चालतात, कारण ते प्लॅस्टिकला चिकटण्याऐवजी तापलेल्या प्लॅस्टिकमध्ये हळूहळू विरघळतात. ट्रिगर आणि घर्षण सोसणारे छोटे भाग ज्यापासून अनेकदा बनवतात, त्या ॲसिटलवर सुती कापडाचा रंग जवळजवळ बसतच नाही, आणि पॉलिप्रॉपिलीन तर अशा रंगाच्या पाण्यातून जसे गेले तसेच बाहेर येते. दस्ता पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर पातेले, इंधन आणि दुपार तिन्ही वाया गेली असे समजावे.

भाग कशाचा आहे हे ओळखणे फारसे कठीण नाही. आतल्या बाजूस कोपऱ्यात पुष्कळदा साच्यातच उमटवलेली खूण असते : ‘पीए’ म्हणजे नायलॉन, ‘पीओएम’ म्हणजे ॲसिटल, ‘जीएफ३०’ म्हणजे त्यात ३० टक्के काचतंतू मिसळलेले आहेत. खूण नसेल तर पोकळीत हवा अडकू न देता भाग साध्या पाण्यात सोडून पाहावा. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिप्रॉपिलीनची सुमारे ०.९ असल्याने ते तरंगते, बाकीचे बुडतात. मग पाण्यात विरघळेल तितके मीठ घालून पुन्हा पाहावे. अशा मिठाच्या पाण्याची घनता सुमारे १.२ होते, त्यात एबीएस (१.०५ च्या आसपास) आणि साधे नायलॉन (१.१४) वर येतात, तर ॲसिटल (१.४१) आणि ३० टक्के काचतंतूंचे नायलॉन तळाशीच राहतात. काचतंतू स्वतः रंग घेत नाहीत, म्हणून अशा भागाचा पृष्ठभाग रंगवल्यावर जवळून पाहिला असता बारीक करड्या रेघा दिसतात. हा रंगवणाऱ्याचा दोष नव्हे आणि पुन्हा उकळून तो जातही नाही.

‘हवी ती छटा’ हे आश्वासनही तितकेच फसवे आहे. हा रंग पारदर्शक असतो. तो खालचा रंग झाकत नाही, त्यात मिसळतो. वाळवंटी पिवळसर भागावर निळा चढवला तर निळा नव्हे, मळकट हिरवा मिळेल. गडदाकडून फिकटाकडे जाण्याचा मार्ग या पद्धतीत नाहीच, आणि काळ्या भागाला, ज्यात काजळी साच्यापूर्वीच मिसळलेली असते, रंगाच्या पाण्यात बुडवण्यात काहीच हशील नाही. तेथे प्लॅस्टिकसाठीचा फवारून मारायचा रंग हाच उपाय.

मीठ सुती कापडाच्या रंगासाठी उपयोगी असते. नायलॉनवर ॲसिड रंग वापरताना ते उलट काम करते, म्हणजे रंग चढण्याचा वेग कमी करते. रंग फार भरभर आणि ठिपक्याठिपक्यांनी बसत असेल तर त्याचा फायदाही होऊ शकतो, पण ‘रंग पक्का होण्यासाठी मीठ’ हे कारण खोटे आहे. व्हिनेगरचे म्हणणे नायलॉनपुरते खरे आहे. एबीएसला त्याची गरज नसते.

वेळेबाबत मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वाधिक भाग येथेच खराब होतात. रंग किती खोल जाईल हे वेळेइतकेच, किंबहुना अधिक, तापमानावर ठरते, आणि प्रत्येक प्लॅस्टिकची सोसण्याची मर्यादा वेगळी असते. नायलॉन उकळत्या पाण्यात निर्धास्त राहते. एबीएस १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागते, आणि साच्यात थंड होताना भागात जो ताण अडकून राहिलेला असतो तो त्याच्या आधीच सुटू लागतो. परिणामी, मुठीचे दोन अर्धे भाग रंगून सुरेख निघतात, पण एकमेकांवर ठेवले की मध्ये फट दिसते. एबीएससाठी ७० ते ८० अंशांपलीकडे जाऊ नये, थर्मामीटर वापरावा, आणि भाग पातेल्याच्या तळाला टेकू न देता तारेवर टांगावा, कारण तळाशी उष्णता पाण्यापेक्षा जास्त असते. नायलॉनच्या बाबतीतही अमाइन गटांच्या जागा मर्यादित असतात. त्या भरल्या की तासभर अधिक उकळून रंग गडद होत नाही.

ॲसिटोनचा सल्ला थेट धोक्याचा आहे. प्लॅस्टिकला उघडमीट होणारी छिद्रे नसतात. ॲसिटोन एबीएसला विरघळवतो, पृष्ठभाग चिकट आणि खडबडीत करतो, आणि पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या कठीण प्लॅस्टिकमध्ये केसासारख्या बारीक भेगा पाडतो, ज्या पुढे झटका बसला की तुटण्याची जागा ठरतात. नायलॉनला त्याने फारशी इजा होत नाही, पण लाभही होत नाही. रंगाला अडथळा करणारी गोष्ट बहुधा साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेले तेलकट द्रव्य किंवा बोटांचा तेलकटपणा ही असते, आणि ती भांडी घासण्याच्या द्रव साबणाने व मऊ ब्रशने कोमट पाण्यात निघते. त्यानंतर भाग उघड्या हातांनी न धरणे हे सर्वात महत्त्वाचे. रंगवलेल्या भागावर अंगठ्याचा फिकट ठसा पाहिला की त्याचे कारण शोधत बसावे लागत नाही.

आता दुरुस्तीकडे. ‘फसले तर ब्लीच’ हा सल्ला दोन कारणांनी त्याज्य आहे. पहिले कारण प्राणाशी संबंधित आहे : व्हिनेगर असलेल्या पाण्यात घरगुती क्लोरीन ब्लीच ओतल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि या कृतीत तर तीच दोन द्रव्ये एकामागोमाग सांगितलेली आहेत. दुसरे असे की क्लोरीन ब्लीच नायलॉनच्या साखळ्याच तोडतो. भाग पिवळा आणि ठिसूळ होतो. एबीएसमध्ये मुरलेल्या रंगापर्यंत तो पोहोचतच नाही.

चूक कोणती हे आधी ठरवावे, आणि तेही भाग पूर्ण वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात, कारण ओला भाग नेहमीच गडद दिसतो. काळा म्हणून घेतलेला रंग जांभळट निघणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. घरगुती काळा रंग बहुधा दोन-तीन रंगांचे मिश्रण असतो आणि त्यांतला प्रत्येक घटक वेगळ्या वेगाने चढतो. कडेला जांभळी झाक आणि मधल्या सपाट भागावर काळेपणा अशी स्थिती असेल तर भाग त्याच पाण्यात योग्य तापमानाला आणखी ठेवल्याने मागे राहिलेला घटक पुष्कळदा गाठ घेतो. तरीही झाक राहिली तर अगदी थोडा पिवळा चढवावा. हिरवट झाक असेल तर थोडा लाल. विरुद्ध रंग चिमटीभर पुरतो, चमचाभर घातला की नवी चूक तयार होते.

नायलॉनवर रंग नुसताच जास्त गडद झाला असेल तर स्वच्छ गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून भाग ठेवावा. पाणी अल्कधर्मी झाले की ॲसिड रंगाची पकड सैल होते आणि काही रंग परत पाण्यात येतो. त्याने न भागल्यास कापडाचा रंग काढण्यासाठी मिळणारी सोडियम डायथायोनाइटची पूड वापरता येते. ती अनेक रंगरेणूंतला ॲझो बंध, म्हणजे रंग दिसायला कारण असलेला नायट्रोजन अणूंचा दुवा, तोडते, म्हणून पिवळे आणि लाल रंग सहसा जातात. काही निळे मात्र तात्पुरते फिकट होऊन हवेत ठेवल्यावर पुन्हा उमटतात, आणि हे पाहून अनेक जण पूड बनावट असल्याचा निष्कर्ष काढतात. ही पूड ओलसर जागी ठेवल्यास आपोआप तापून पेटू शकते, आम्लाशी मिसळल्यास त्रासदायक वायू सोडते. त्यामुळे मोकळी हवा, हातमोजे आणि स्वयंपाकाला पुन्हा न वापरायचे भांडे, या अटी सोडून चालणार नाहीत. रंगाची कोरडी पूड हाताळताना मास्कही हवा. एबीएसमध्ये मुरलेला डिस्पर्स रंग घरी काढण्याचा भरवशाचा मार्ग नाही. तेथे गडद तपकिरी किंवा काळा चढवून डाग झाकणे हाच व्यवहार्य तोडगा आहे.

प्रचलित कृती ज्याबद्दल अवाक्षर काढत नाही अशा काही बाबीही आहेत. दाबाखालील हवा किंवा वायू सांभाळणारे भाग, रबरी सील आणि सेफ्टीची यंत्रणा यांना रंगाच्या पाण्याजवळ नेऊ नये, आणि स्प्रिंग-पिस्टन एअरगनची मुख्य स्प्रिंग दाबून धरण्याचे साधन नसेल तर अशी एअरगन उघडूच नये. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात पोलादी पिना गंजतात, म्हणून त्या आधी काढाव्यात. काही देशांत खेळण्यातल्या आणि नकली बंदुकांच्या नळीचे टोक किंवा शरीराचा काही भाग भडक रंगाचा असणे कायद्याने बंधनकारक आहे. तो भाग रंगवून दडवू नये.

शिवाय नायलॉन पाणी पिते. पूर्ण भिजल्यावर नायलॉन ६ आपल्या वजनाच्या ९ ते १० टक्के पाणी शोषू शकते आणि किंचित फुगते, म्हणून काल सहज सरकणारे मॅगझिन रंगवल्यावर अडकले तर त्याला कानस लावण्याची घाई करू नये. भाग काही दिवस सावलीत वाळू द्यावा, मग छर्रे न भरता प्रत्येक हालचाल तपासावी, आणि तरीही घासत असेल तरच कानस हातात घ्यावी.