बँड शांत राहावा म्हणून

ठाण्यात राहत असाल, हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी सेटचं, लायसन्स असेल आणि कॉल साइन (हवेतलं तुमचं नाव) ‘व्हीयू टू’ने सुरू होत असेल, तर कृपया पुढचं नीट वाचा. वेळ कमी आहे. साधी माणसं रेडिओवर येऊ बघताहेत. वर्तकनगरची कॉमर्सची मुलगी, कळव्याचा रिक्षावाला, नौपाड्यातल्या निवृत्त शिक्षिका. इंपीडन्स म्हणजे काय हे यांना सांगता येत नाही आणि तरीही यांना बोलायचंय. वेळीच थोपवलं नाही, तर उद्या चाळीस मीटर लहरींच्या आपल्या बँडवर माणसं ऐकू येतील.

सरकारच्या भरवशावर राहू नका. सरकार फितूर आहे. दूरसंचार खात्याची ही परीक्षा बारा वर्षांचं पोरसुद्धा देऊ शकतं. लायसन्सच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची ती लिपी, लागत नाही. ‘जनरल’ला लागतो, तोही मिनिटाला ८ शब्द. थोडी रेडिओची थिअरी, थोडे नियम, लिहा पेपर, व्हा पास. इंजिनिअरिंगची पदवी कोणी मागत नाही! तेव्हा खरी परीक्षा घ्यायची जबाबदारी आपोआप तुमच्यावर येते, आणि तुमच्या परीक्षेचा निकाल कधीच लागत नाही, हे तिचं मोठं बलस्थान.

नवखा पहिल्यांदा रिपीटरवर, म्हणजे सगळ्यांचा आवाज दूरवर पोचवणाऱ्या सामायिक केंद्रावर, येईल, घाबरत कॉल साइन सांगेल. लगेच उत्तर द्यायचं नाही. त्याला वाटलं पाहिजे की सेटच बिघडलाय. मग सावकाश पीटीटी (बोलायचं बटण) दाबून विचारा, ‘रिग कुठली?’ म्हणजे सेट कुठला. चिनी हँडसेट म्हणाला की फक्त ‘हं’ म्हणा. एफएमवर हा ‘हं’ फार स्वच्छ पोचतो. पुढचा प्रश्न, ‘स्वतः काय बनवलंय?’ तुमची स्वतःची रिग जपानहून सीलबंद आलीय, ट्यूनर आतच आहे आणि वॉरंटी जाईल म्हणून तुम्ही झाकणाचा एक स्क्रूही हलवलेला नाही, या गोष्टींचा इथे काही संबंध नाही. तरुणपणी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून तुम्ही एक ट्रान्समीटर बांधायला घेतला होता, तेवढं सांगा. तो पुरा झाला का, हे विचारण्याइतकं सीनियर आता बँडवर कोणी उरलेलं नाही.

मग तो अँटेनाचं विचारेल. इथे फार सांभाळायचं. चाळीस मीटरचा डायपोल म्हणजे साधारण वीस मीटर तार, ती मधोमध तोडून तिथे सेटकडून येणारी कोॲक्स केबल जोडायची आणि दोन्ही टोकं दोरीने ताणून बांधायची. दहावीतल्या पोराला अर्ध्या तासात कळेल अशी ही गोष्ट आहे, म्हणूनच ती अशी सांगायची नाही. स्मिथ चार्टपासून, म्हणजे इंपीडन्सच्या त्या गोल आलेखापासून, सुरुवात करा. व्हेलॉसिटी फॅक्टरवर या. बालून कुठल्या फेराइटवर गुंडाळायचा, यावर दोन सीनियर आपसांत भांडू लागले तर भांडू द्या, पोरगं आपोआप जाईल. एक मात्र न चुकता सांगा, विजेच्या तारांच्या आसपास अँटेना टाकू नकोस. काही बरंवाईट झालं तर चौकशीला आपल्यालाच जावं लागतं.

त्याची खरी अडचण तार नसतेच. सोसायटी असते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये गच्चीची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन सेक्रेटरीचा, सेक्रेटरी चेअरमनचा, आणि चेअरमनची खात्री की अँटेना लागली की कॅन्सर होतो. (त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर भाड्याने उभा असतो. त्याने काही होत नाही, कारण तो भाडं देतो.) चेअरमनला कोणत्या शब्दांत अर्ज केला की तो सही करतो, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. तो अर्ज कपाटातच राहू द्या. घंटाळीतल्या तुमच्या जुन्या बिल्डिंगीत तुमचा डायपोल कपडे वाळत घालायची दोरी म्हणून खपून गेला, हे तर मुळीच बोलू नका.

मोर्सचा विषय नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या आपल्या बैठकीत, दर आठवड्याला निघाला पाहिजे. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली आणि ती ठेवायची की नाही हे ज्या त्या देशावर सोडलं. आपल्यासाठी हा छंदाचा मृत्युदिन, आणि वर्षश्राद्ध दर आठवड्याला आलं तरी चालतं. आता समजा ती कॉमर्सची मुलगी म्हणाली, ‘काका, मी मोर्स शिकलेय, आवडला म्हणून,’ तर डगमगू नका. कुठून शिकलीस, विचारा. मोबाइलवरच्या ॲपवरून म्हणाली की सुस्कारा सोडा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सोपा उपाय आहे. बाईचा आवाज आला की प्रेमाने विचारायचं, ‘मिस्टरांचा सेट का?’ एवढ्यावर बऱ्याच जणी गप्प होतात. एखादी फारच हुशार निघाली आणि तिने न्यूझीलंडच्या ब्रेंडा बेलचं नाव काढलं, जिने भावाचा सेट हाती घेऊन १९२७ मध्ये तिथून थेट दक्षिण आफ्रिकेशी संपर्क साधला, तर बॅटरी उतरल्याचं सांगून निघून जा.

याच्याही पुढचा धोका म्हणजे इतिहास. तो नवख्यांच्या हाती लागता कामा नये. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी देऊन टाकल्या, कारण लांब पल्ल्याला त्या कुचकामी, असं जाणकारांचं मत होतं. उत्तम योजना होती. खेळा पोरांनो कोपऱ्यात. पण पोरं ऐकतात का? १९२३ मध्ये याच टाकाऊ लहरींवर त्यांनी अटलांटिकपार दुतर्फी संभाषण केलं. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ ला, लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी थेट न्यूझीलंडशी बोलला. तिकडून उत्तर देणारा फ्रँक बेल, म्हणजे त्याच ब्रेंडाचा भाऊ, मेंढ्या पाळणारा शेतकरी. शाळकरी पोरगा आणि मेंढीवाला! आज दोघं ठाण्याच्या रिपीटरवर आले असते, तर स्मिथ चार्टवरच अडकले असते. मार्कोनीकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी १९०९ चं नोबेल अर्धं त्याला मिळालं, हेही झाकून ठेवा. व्हीयू टू आरजी या कॉल साइनचे गृहस्थ केंब्रिजहून इंजिनिअरिंगची पदवी न घेताच परतले होते. पुढे ते, म्हणजे राजीव गांधी, देशाचे पंतप्रधान झाले, त्यामुळे त्यांना ‘स्वतः काय बनवलंय’ विचारायचं राहून गेलं.

नवखे चुका करतातच, यात खोटं काही नाही. पीटीटी दाबून गाणं लावून देणारे आहेत, बँडच्या बाहेर जाऊन हॅलो-हॅलो करणारे आहेत, लायसन्सआधी सेट विकत घेणारे तर पुष्कळ. हे थांबलंच पाहिजे. पण ते नियम माहीत नसल्यामुळे होतं आणि नियम सांगायला एक संध्याकाळ पुरते. आधी ऐका, मग बोला, कॉल साइन द्या, धंद्याचं बोलू नका. ती संध्याकाळ आपण देत नाही, कारण त्या वेळी आपला नेट असतो. नेटवर आपण तिघं असतो आणि नवी पिढी का येत नाही, यावर बोलतो.

आपत्तीचा मुद्दा कोणी काढला, तर छाती पुढे काढा. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हॅम मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि अंदमानची खबर त्यांच्या सेटवरून बाहेर पडू लागली. हे अभिमानाने सांगा, पण तिथे थांबा. अशा वेळी नेमकं काय करावं लागतं, याच्या खोलात शिरू नका. नावं नीट ऐकायची, आकडे चुकू द्यायचे नाहीत, समजलं नाही तर पुन्हा विचारायचं, आणि तासन्‌तास डोकं थंड ठेवायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मोबाइल मुके झाले, तेव्हा याच गोष्टी हव्या होत्या. वाशीच्या एपीएमसीतला कांद्याचा दलाल रोज पहाटे गलक्यात आकडे ऐकून एकही न चुकता वहीत उतरवतो. नौपाड्यातल्या बाईंनी तीस वर्षं साठ पोरांची हजेरी घेतलीय. हे दोघं उद्या परीक्षा पास होऊन आले तर स्मिथ चार्ट घेऊन आपण कुठे बसायचं?

एवढं करूनही कोणी येतच राहिलं, तर शेवटचा उपाय समितीचा. ‘नवोदितांना हॅम रेडिओकडे आकर्षित करण्यासाठी समिती’ असं भारदस्त नाव द्या. बैठक तलावपाळीजवळच्या हॉलमध्ये, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला ठेवा, म्हणजे शाळा-कॉलेज-नोकरीवाले सगळे परस्पर गळतील. विषयपत्रिकेवर पहिला विषय, समितीच्या सदस्यांची तांत्रिक पात्रता. दुसरा विषय चहानंतर. हॉलचं भाडं तिघांत वाटून घेऊ. तारीख ठरली की नेटवर सांगतोच, तोवर ती चाळीस मीटरवर मोठ्याने बोलू नका, हल्ली कोण ऐकत असतं सांगता येत नाही.