गोवराने प्रतिकारशक्ती वाढत नाही, ती पुसली जाते

‘गोवर हा शरीरशुद्धीचा नैसर्गिक आजार असून तो अंगावर निघून गेला की मुलाची प्रतिकारशक्ती जन्मभरासाठी भक्कम होते, लसीने मात्र ती आळशी होते, म्हणून लस टाळा आणि शेजारी कुणाला गोवर आला असेल तर आपल्या मुलाला त्याच्यासोबत खेळू द्या’ असा संदेश व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटांवर फिरत आहे. अनेक लसींचा मुलावर भार पडतो आणि गाजर-पपई खाऊन गोवर आटोक्यात राहतो, असेही त्यात म्हटले आहे. माझ्या मावसबहिणीने तो वाचून 9 महिन्यांच्या मुलीची लस पुढे ढकलली, म्हणून त्यातील मुद्द्यांना उत्तर देणे भाग आहे.

प्रतिकारशक्ती भक्कम होते हा दावा सर्वांत घातक आहे, कारण प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. एखादा जंतू येऊन गेला की त्याची ओळख रक्तातील स्मृतिपेशी जपून ठेवतात, आणि तो पुन्हा आला तर त्याच्याशी लढणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे (अँटीबॉडीज), वेगाने तयार होतात. गोवराचा विषाणू याच पेशींवर उठतो. त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी150 नावाच्या प्रथिनाला चिकटून तो आत शिरतो आणि त्यांचा नाश करतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या 77 मुलांचे गोवरापूर्वीचे आणि गोवरानंतरचे रक्त तपासून केलेला अभ्यास 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इतर रोगांविरुद्ध या मुलांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झाली होती. लस दिलेल्या मुलांत अशी घट आढळली नाही. गेलेले संरक्षण परत मिळवायचे तर ते ते जंतू मुलाला पुन्हा भेटावे लागतात, म्हणजे न्यूमोनिया आणि जुलाबांना त्याने नव्याने तोंड द्यायचे. तलाठ्याचे सगळे दप्तर जाळून एकच सातबारा नव्याने लिहून द्यावा, तसा हा व्यवहार आहे.

तो एक सातबारा मात्र पक्का असतो, एवढे मान्य करावे लागेल. 1846 मध्ये उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली, तेव्हा 1781 च्या साथीत गोवर येऊन गेलेले वृद्ध त्यातून सुटले, असे पानुम या डॅनिश डॉक्टरने नोंदवून ठेवले आहे. पण हे आयुष्यभराचे संरक्षण फक्त गोवरापासूनचे असते, आणि त्यासाठी मुलाला आधी गोवरातून वाचावे लागते.

म्हणूनच मुलांना मुद्दाम एकत्र खेळवण्याचा सल्ला वाचून संताप येतो. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो, आणि संरक्षण नसलेल्या 10 निकटवर्तीयांपैकी 9 जणांना लागण होऊ शकते. 2022 च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या अनेक वस्त्यांत गोवर पसरला आणि लहान मुले दगावली. ज्या पालकांनी तेव्हा आपले मूल गमावले, त्यांच्यासमोर ‘शरीरशुद्धी’ हा शब्द उच्चारण्याची हिंमत हा संदेश लिहिणाऱ्याने करून पाहावी. बरे झालेल्या काही थोड्या मुलांमध्येही हा विषाणू मेंदूत दडून राहतो आणि काही वर्षांनी जो विकार उद्भवतो तो जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो.

लसीने प्रतिकारशक्ती आळशी होते हे म्हणणे निराधार आहे. लसीत गोवराचाच जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो. त्याला ओळखणे, प्रतिपिंडे घडवणे, स्मृती जपणे ही सर्व कामे मुलाचे शरीर स्वतःच करते. अनेक लसींचा भार पडतो या तक्रारीवर फार लिहिण्याचे कारण नाही, कारण रांगणारे मूल तोंडात घालते त्या प्रत्येक वस्तूवर लसींपेक्षा कितीतरी अधिक जंतू असतात. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रांत मोफत मिळते, आणि राहून गेलेली मात्रा वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत तेथे घेता येते.

गाजर-पपईतील अ जीवनसत्त्वाने गोवर आटोक्यात राहतो, या शेवटच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. अ जीवनसत्त्वाने गोवरातील गुंतागुंत कमी होते, म्हणूनच वर्षावरील रुग्णाला डॉक्टर 2 लाख युनिटची मात्रा लागोपाठ दोन दिवस देतात. तेवढी मात्रा पपईच्या फोडींतून मिळत नाही, आणि ती गोवर झाल्यानंतरचा उपचार आहे. तिने लागण टळत नाही.