फोन जरा त्यांना द्या

माझ्या मोबाइलचा आवाज कानाला लावला की येत नाही, फक्त स्पीकर चालतो. दुरुस्तीवाल्याने पैसे तेवढे घेतले. त्यामुळे काल मिरज-सांगली बसमध्ये अमेरिकेतल्या पुतण्याचा फोन मला आला नाही, सबंध बसला आला.

"काका, सहा महिने तिकडं येतोय. घरी केलेली बियर केगमध्ये, त्या स्टीलच्या पिंपात, टिकेल का?"

अमेरिकेत घरी बियर करायला कायद्याची आडकाठी नाही, हे बसला कोण सांगणार? पुढच्या बाई मागे वळून म्हणाल्या, "सर, आमच्या पोराला तुमच्याकडंच शिकवणीला घालणार होतो."

मी आवाज खाली आणून रसायनशास्त्र सुरू केलं. बियरचा खरा शत्रू ऑक्सिजन, तो राहिला की ओल्या पुठ्ठ्याची चव येते. झाकणाची रबरी रिंग बघ, कार्बन डायऑक्साइड भरून आतली हवा दोन-चारदा बाहेर सोड, साबणाचं पाणी लावून...

"म्हणजे पेवच की हो!" शेजारचे टोपीवाले आजोबा.

"कसलं पेव?" पुतण्या तिकडून.

"हरिपूरचं! हळदीचं. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, तोंड गच्च बंद. वर्षानुवर्षं कीड नाही. हवाच नाही तर किडा जगतोय कशावर? उघडलं तरी लगेच माणूस उतरवायचा नाही. आधी कंदील सोडायचा. इझला, की थांबायचं."

"भारी! काका, फोन जरा त्यांना द्या."

जन्मभर पोरांना वायूंचे गुणधर्म शिकवले. दिला फोन.

"बाळा, माल कसला हाय?"

"एक काळी, कडक. दुसरी हॉप्सच्या, म्हणजे बियरमध्ये घालतात त्या फुलांच्या वासाची."

"मग वासाची पिऊन टाक. वास काय थांबतोय व्हय? कडक ठेव, गारव्याला."

हेच मी सांगणार होतो! पण बस आजोबांकडे बघत होती. मग २००५ चा महापूर निघाला, पेवांत पाणी कसं शिरलं ते निघालं. तिकिटाचं यंत्र हातात धरून कंडक्टर ऐकत उभा. एरवी बसमध्ये कुणी झिंगून शिव्या दिल्या तर हीच माणसं खिडकीबाहेर बघतात. विश्रामबाग आलं, गेलं. मला तिथेच उतरायचं होतं, पण फोन आजोबांच्या हातात.

रात्री पुतण्याचा मेसेज : "आजोबांचा नंबर घेतलात ना?"

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्याने नुसता अंगठा पाठवला होता.