घाई कसली, कार्ड दहा वर्षांचं आहे

अभिनंदन. ग्रीनकार्ड आलं. बारा-पंधरा वर्षं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडायचं, आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला आपला नंबर, दोन आठवडे पुढे सरकली की दोन वर्षं मागे गेली हे बघायचं, आणि मग ऑफिसला जायचं, यात तुमचं तारुण्य गेलं. अशा माणसाने लगेच पुढच्या रांगेत उभं राहावं अशी अपेक्षा करणंच चूक. कोणी सिटिझनशिपचा विषय काढला तर 'बघू, आधी पाच वर्षं तर होऊ देत' म्हणा. पाच वर्षं झाली की नुसतं 'बघू' म्हणा.

तुमच्यात काही उतावळेही असतील, त्यांची सोय आधी लावून टाकू. अमेरिकेचा कायदा म्हणतो की ग्रीनकार्डावर पाच वर्षं पुरी होण्याच्या नव्वद दिवस आधीपासून अर्ज भरता येतो. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल आणि दोघं एकत्र नांदत असतील, तर पाचाऐवजी तीन वर्षं. आता नव्वद दिवस म्हणजे तीन महिने हे आपण तिसरीत शिकलो. तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयात तीन पानं मागे जा आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, पाठवून द्या. मधे जुलै-ऑगस्ट एकतीस-एकतीसचे आले, म्हणून अर्ज दोन दिवस लवकर पोचला आणि नाकारला गेला, तर जाईल. ऑनलाइन अर्जाचे ७१० डॉलर तेवढे परत येत नाहीत. यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर तारीख काढून देणारा कॅल्क्युलेटर आहे म्हणतात. पण ज्याने इंजिनियरिंगला एम-थ्रीचं गणित सोडवलंय, त्याने असली मदत घेणं शोभत नाही. पाच वर्षं मोजायची कुठून, हा प्रश्न किरकोळ आहे. कार्डावर 'रेसिडेंट सिन्स' अशी तारीख छापलेली असते, ती सोडून कुठूनही मोजा. कार्ड टपालाने आलं तो दिवस, पेढे वाटले तो दिवस, काहीही चालेल.

उतावळे गेले. आता आपण निवांत बोलू.

सिटिझनशिपसाठी पाच वर्षांत निम्मे दिवस, म्हणजे तीस महिने, अमेरिकेत असावं लागतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि इथेच ते थांबतात. दुसरी अट कंटाळवाणी आहे. एका दमात सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर सलग वास्तव्य मोडलं असं गृहीत धरलं जातं आणि मोडलं नाही हे पुराव्यानिशी तुम्ही सिद्ध करायचं. वर्षभर बाहेर राहिलात, तर ते मोडलंच. यावर आपल्याकडचा अनुभवी सल्ला असा: बाणेरचा फ्लॅट आहे, मॅनेजर समजूतदार आहे, इंटरनेट अमेरिकेपेक्षा स्वस्त आहे, पाच महिने एकोणतीस दिवस तिथून काम करा, मग आठवडाभर न्यूजर्सीला येऊन टपाल उचला, कॉस्टकोत चक्कर मारा आणि परत जा. याला 'कार्ड मेंटेन करणं' म्हणतात. विमानतळावरचा अधिकारी कधीतरी 'तुम्ही राहता कुठे?' असं विचारेल. त्यावर मोकळेपणाने हसावं. अगदीच भीती वाटली तर री-एंट्री परमिट काढा. त्याने दोन वर्षांपर्यंत कार्ड वाचतं. सिटिझनशिपचं घड्याळ वाचत नाही, पण इतक्या बारीक अक्षरातलं वाचायचंच कशाला?

अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या परदेशवाऱ्या तारखांसकट विचारतात. त्यासाठी कुठेही काही लिहून ठेवू नका. ऐन वेळी व्हॉट्सॲपवरचे गणपतीचे फोटो, मावशीच्या साठीचा व्हिडिओ आणि बायकोची स्मरणशक्ती यांच्या आधारे तारखा उभ्या करण्यात एक वेगळीच गंमत आहे. बायकोच्या आणि तुमच्या अर्जांत एकाच सहलीच्या दोन तारखा पडल्या, तर अधिकाऱ्यालाही तेवढीच करमणूक.

सिटिझनशिपच्या इतिहास-नागरिकशास्त्राच्या परीक्षेसाठी थांबणं तर फारच फायद्याचं. १ डिसेंबर २०२० पासून ती अवघड केली होती, १ मार्च २०२१ पासून पुन्हा सोपी केली. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी होती, त्यातले दहा विचारायचे, सहा आले की पास. साडेचार वर्षं ही सोय होती आणि तेवढ्यात तुम्ही बेसमेंटचं काम काढलं होतं. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना यादी १२८ प्रश्नांची, विचारणार वीस, बरोबर हवेत बारा. स्पर्धा परीक्षा देत वाढलेल्या माणसाला सोप्या परीक्षेत पास होण्यात कसला आलाय मान?

मुलांचा प्रश्न नाजूक आहे, तो शांतपणे समजून घ्या. आई-बाबांपैकी एक जण जरी नागरिक झाला, आणि मूल अठराच्या आतलं, ग्रीनकार्डवालं, त्याच्याच ताब्यात अमेरिकेत राहणारं असलं, तर ते आपोआप नागरिक होतं. त्याला परीक्षा नाही, मुलाखत नाही. २७ फेब्रुवारी २००१ पासून हा कायदा आहे. यातला धोका तुमच्या लक्षात आला असेल: मुलांना सगळं आयतं मिळतं. आपण काय सोसलं ते त्यांना कधी कळायचं? म्हणून तुमची पाच वर्षं भरली तेव्हा मुलगी सोळाची असेल, तर उगीच हालचाल करू नका. आधी तिचं पीएसएटी, मग एसएटी, मग कॉलेजांचे निबंध. घरात एका वेळी किती अर्ज भरायचे? ती अठराची होऊ द्या. वाढदिवसाचा केक कापून झाला की तिला सांगा, 'आता तुझा फॉर्म तू भर, तुझे ७१० डॉलर तू भर, तुझे १२८ प्रश्न तू पाठ कर.' स्वावलंबन यालाच म्हणतात. कॉलेज दुसऱ्या राज्यात असलं, तर अर्ज कुठल्या पत्त्यावरून करायचा यावर दर रविवारी फोनवर बोलायला तुम्हा दोघांना विषयही मिळेल.

आईचंही तेच. ग्रीनकार्डवाल्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला करता येतो, आणि त्या गटाला वर्षाच्या व्हिसांची मर्यादा नसते. कोल्हापूरची आई म्हणते, 'मला तिथं यायचंच नाही, दिवसभर करू काय?' तिचं खरं आहे, आणि तुमच्या ते सोयीचंही आहे. तिचा विचार कधी बदलला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शेजारच्या काकू मुलाकडे बेंगळुरूला गेल्या, की मग तुम्ही अर्ज भरायला घ्या. आधी स्वतःचा, तो झाला की तिचा. तिने एवढी वर्षं वाट पाहिलीच आहे.

मात्र खरं मार्गदर्शन मिळतं ते मंडळाच्या गणपतीत, मसालेभाताच्या रांगेत. तिथे एक काका असतात. ते अठ्ठावीस वर्षं ग्रीनकार्डवर आहेत आणि हे ते पद्मश्री मिळाल्यासारखं सांगतात. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, दुसऱ्या देशाचं घेतलं की १९५५ च्या कायद्याने आपलं जातं, इथपर्यंत काकांचं बरोबर आहे. नागरिक न होण्याची पुढची तीन कारणं ते बोटांवर मोजून सांगतात. पहिलं, शेतजमीन घेता येणार नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला भारत सरकार ओसीआय कार्ड देतं, त्या कार्डवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, हे खरंच. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती घेता येत नाही, म्हणजे काकांना आजही येत नाही. आणि वडिलोपार्जित सातबाऱ्यावर वारसाने नाव लागायला ओसीआय आड येत नाही. पण हे रांगेत बोलू नका, काकांच्या हातात डाव असतो. दुसरं, मतदान. अनिवासी भारतीयाला मताचा हक्क २०१० च्या दुरुस्तीने मिळाला, मात्र त्यासाठी मतदानाच्या दिवशी स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. तो हक्क हातचा जाऊ नये म्हणून काकांनी अमेरिकेतल्या मतावर पाणी सोडलंय. म्हणजे ते दोन्ही देशांत मत देत नाहीत. निःपक्षपातीपणाची इतकी उंची मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तिसरं, टॅक्स. जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेचा कर ग्रीनकार्डवाल्यालाही नागरिकासारखाच लागतो, आणि मागच्या पंधरांपैकी आठ वर्षं कार्ड बाळगलेल्याने ते परत केलं तर देश सोडतानाच्या कराचे नियमही त्याला लागू होतात. हे काकांच्या सीएला माहीत आहे. तो नाशिकचा आहे, भिडस्त आहे.

समजा, एवढं सगळं करूनही तुमच्या हातून अर्ज गेलाच आणि शपथेची तारीख आली, तरी वेळ चुकवायची एक संधी शिल्लक असते. शपथेच्या दिवशी ग्रीनकार्ड काढून घेतात आणि प्रमाणपत्र देतात. ते मूळ प्रमाणपत्र अमेरिकन पासपोर्टच्या अर्जाबरोबर पाठवायचं. त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा. तो सरेंडर करायचा, आणि नवा पासपोर्ट हातात आल्यावर ओसीआयचा अर्ज. म्हणून पुतण्याच्या डिसेंबरातल्या लग्नाची परत न मिळणारी तिकिटं आधी काढून ठेवा आणि शपथ नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येऊ द्या. हळदीच्या दिवशी तुम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसून टपालाचा ट्रॅकिंग नंबर बघत असाल. वहिनी दोन वर्षं बोलणार नाहीत, तेवढीच शांतता.

यापेक्षा कार्डाचं नूतनीकरण केव्हाही बरं. १ एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे त्याच्या आय-९० अर्जाचे ऑनलाइन ४१५ डॉलर पडतात. सिटिझनशिपपेक्षा २९५ डॉलर कमी, आणि दहा वर्षांनी पुन्हा भरता येतात. फोटोही नवा निघतो.

आणि ज्याला खरोखर लांबचा विचार करता येतो, त्याने पंचावन्नच्या पुढे जावं. वय पंचावन्न आणि ग्रीनकार्डावर पंधरा वर्षं झाली की इंग्रजीची परीक्षा माफ, इतिहास-नागरिकशास्त्र आपल्या भाषेत. पासष्ट वय आणि वीस वर्षं झाली, तर अभ्यासाला फक्त २० प्रश्न. बेचाळिसाव्या वर्षी कार्ड मिळालं असेल, तर सत्तावन्नाला तुम्ही मराठीत परीक्षेला बसू शकता. तीस वर्षं इंग्रजीत स्टेटस मीटिंगा घेतलेल्या माणसाने अधिकाऱ्यासमोर 'संविधानातली पहिली दुरुस्ती' असं शुद्ध मराठीत म्हणायचं! मात्र दुभाषा आपला आपणच न्यायचा असतो, तेव्हा त्याची सोय आधीपासून बघून ठेवा. मुलाला नेता येईल का, असं कोणी विचारेल. त्याचं मराठी 'आजी, पोळी दे'च्या पुढे गेलेलं नाही. काकांना विचारून बघा, ते मोकळे असतात.